माझा अनुभव: प्रमाण आयडी आला, तरी 'स्पर्श'वर हयातीचा दाखला दिसत नव्हता

आईची लष्करी कौटुंबिक पेन्शन, 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवरची. ऑनलाइन दाखला निघाला, प्रमाण आयडीचा (त्या दाखल्याच्या क्रमांकाचा) मेसेजही आला, पण 'स्पर्श'वर ओळखीची (हयातीच्या पडताळणीची) तारीख जुनीच. बँकेने हात वर केले. सेवा केंद्राने पुन्हा दाखला काढला तरी तेच. डोकं फिरलं.

शेवटी जमलं ते असं. आधी 'स्पर्श'चा 12 अंकी पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक शोधला. बाबांच्या कागदांवरचा जुना इथे चालत नाही. मग फोनवर चेहरा पडताळणारं 'आधार फेस आरडी', त्यानंतर दाखला काढायचं 'जीवन प्रमाण' ॲप घेतलं. ऑपरेटर (ॲप चालवणारा) म्हणून आधी माझा चेहरा. पेन्शन प्रकार 'फॅमिली', मंजुरी देणारं कार्यालय 'डिफेन्स पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि वितरण संस्था बँक नव्हे, 'स्पर्श' (खरी मेख हीच). नवा पीपीओ, खाते क्रमांक, शेवटी आईचा चेहरा. चष्मा काढून, उजेडात. काही दिवसांनी तारीख बदलली.