चाळीस माणसांत लढाई: कमी बजेटचा शिवकालीन युद्धपट कुठे उघडा पडतो आणि कसा सावरायचा

कमी बजेटच्या युद्धपटात माणसं कमी दिसली म्हणून कुणी नावं ठेवत नाही. पण मोकळ्या माळावर ड्रोन चढवून साठ जणांना दहा हजारांची फौज म्हणून दाखवलं, की थिएटरात खुसखुस सुरू होते. ही चूक शूटिंगच्या दिवशी झालेली नसते, पटकथा लिहितानाच झालेली असते. साधारण चाळीस ज्युनिअर आर्टिस्ट, तीन-चार घोडे आणि आठवडाभराचं शेड्यूल एवढ्यावर लढाई उभी करायची असेल, तर पुढच्या गोष्टी आधीच ठरवून घ्या.

आधी लढाई निवडा

साल्हेरची १६७२ची लढाई मैदानी, दोन्हीकडे हजारोंची फौज. ती चाळीस माणसांत होत नाही, तिचा नाद सोडावा. खिंड, गडाचा दरवाजा, कड्याची वाट इथे मात्र एका वेळी चार-सहा माणसंच समोरासमोर येतात, कारण जागाच तेवढी असते. फेब्रुवारी १६६१मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखान अडकला तो याच कारणाने: वाट अरुंद, भोवती दाट झाडी आणि मराठे वरच्या बाजूला दबा धरून. कॅमेऱ्याला झाडीतून सुटणारे बाण, वाटेत कोंडलेले पंधरा-वीस मोगल सैनिक आणि मागून येणारा गलका एवढं पुरतं. मागची फौज ऐकवायची, दाखवायची नाही.

लढाई ठरली की तिची तिथी काढा आणि त्या ऋतूतच शूट लावा. पावनखिंड म्हणजे आषाढ १६६०: चिखल, धुकं, सगळीकडे हिरवं. तीच लढाई जानेवारीत पिवळ्या गवतावर शूट करून वर टँकरने पाऊस पाडला, तर पहिल्याच फ्रेमला खोटेपणा कळतो. पावसाळी शूटिंगला युनिट कुरकुरतं, कॅमेऱ्याला रेनकव्हर आणि लेन्स पुसायला वेगळा असिस्टंट लागतो, हे खरं. पण धुक्यात वीस-तीस मीटरपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे गर्दी लागत नाही. भिजलेला तोडा, म्हणजे बंदुकीला बत्ती देणारी वात, पेटत नसल्याने बंदुका बाजूला राहून हातघाई होते, आणि ते इतिहासाला धरूनही असतं. टँकर लावायचाच असेल तर दिवा पावसाच्या मागे ठेवा. समोरून उजेड टाकला तर पाणी पडतं, पण फ्रेममध्ये दिसत नाही.

सिंहगडची रात्र माघ वद्य नवमीची, ४ फेब्रुवारी १६७०. त्या तिथीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, तोवर नुसत्या चांदण्या. आपल्याकडे मात्र रात्र म्हटलं की निळाशार लाइट आणि डोक्यावर पूर्ण चंद्र. अंधार हा इथे सगळ्यात स्वस्त सेट आहे, तो वापरा. मशालींना काठीभोवती सुती चिंध्या घट्ट गुंडाळून वरून बारीक तार आवळा. नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळलेलं कापड वितळून ठिबकतं आणि हात भाजतो. एक मशाल जेमतेम आठ-दहा मिनिटं नीट जळते, म्हणून प्रत्येक मशालीमागे दोन तयार ठेवा. भरीला जो दिवा लावाल तो मशालीच्याच बाजूने आणि मशालीच्याच रंगाचा असावा.

लोकेशन पाहायला जाताना

विजेचे खांब आणि पवनचक्क्या सगळेच पाहतात. झाडांकडे कुणी पाहत नाही. मावळ्यांच्या मागे फुललेला गुलमोहर हा अशा चित्रपटांतला नेहमीचा पाहुणा. तो मूळचा मादागास्करचा, इथे आला एकोणिसाव्या शतकात. नीलगिरी, गिरिपुष्प, सुबाभूळ आणि पायथ्याला पसरलेली घाणेरी ही सगळी नंतर आलेली. फ्रेममध्ये साग, ऐन, करवंद, निवडुंगापैकी त्रिधारी, आंबा, वड चालतील. रेकीला झाडं ओळखणारा कुणी स्थानिक माणूस सोबत घ्या. हे काम गावातला गुराखी अर्ध्या दिवसात करून देतो.

गडावरच्या तटबंदीत सिमेंटचे दर्जे, रेलिंग, माहितीफलक, कचराकुंड्या असतात. म्हणून संपूर्ण गडाऐवजी दहा फूट खरा तट आणि समोर स्वतःचा बुरुजाचा तुकडा अशी फ्रेम धरा. परवानगी आधी काढा: रायगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग यांसारखे गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, तर बरेचसे गड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे किंवा वन विभागाच्या हद्दीत आहेत. २०२५मध्ये राज्यातले अकरा गड जागतिक वारशाच्या यादीत आले, तिथे खिळा ठोकण्याचाही विचार करू नका. बहुतेक छोट्या युनिटांना गडाशेजारचा खाजगी मालकीचा डोंगरच सोयीचा पडतो.

चाळीसचे एकशे साठ

लांब लेन्स ही पहिली युक्ती. ८५ ते १३५ मिलिमीटरच्या लेन्सवर माणसांमधलं अंतर दाबलं जातं, आणि तीन रांगांतले तीस जण शंभरासारखे दिसतात. पुढे सहा जण, ज्यांचे कपडे, शस्त्रं, चेहरे चोख, मध्ये बारा, उरलेले मागे, फक्त पगोटी आणि भाल्यांची टोकं दिसतील असे. फ्रेमच्या दोन्ही कडा माणसांनी किंवा झाडाने बंद करा. कडेला रिकामं मैदान दिसलं की मोजणी सुरू होते.

दुसरी युक्ती प्लेटची, म्हणजे एकाच जागेवरून घेतलेले शॉट नंतर एका फ्रेममध्ये जोडायची. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट लॉक करा; फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा. जमिनीवर चुन्याने चार पट्टे आखा. चाळीस जणांना पहिल्या पट्ट्यात उभं करून टेक घ्या, मग दुसऱ्यात, असं चारदा. दर वेळी पगोटी अदलाबदल, ढाली दुसऱ्या हातात, उंच माणसं जागा बदलून. शेवटी एक रिकामी प्लेट. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत संपवा, नाहीतर सावल्या सरकतात आणि जोडताना पहिल्या पट्ट्याची सावली एकीकडे, चौथ्याची भलतीकडे जाते. पट्ट्याबाहेर भाला गेला तर तो जोडावर अर्धा कापला जातो, तेव्हा भाले उभेच धरायला सांगा. धूळ मात्र प्लेट घेताना उडवू नका. ती दर वेळी वेगळी हलते, म्हणून वेगळी शूट करून वरून चढवा.

बाकी शॉट्समध्ये धुळीला मुलतानी माती वापरा. जुन्या पातळ सुती पिशव्यांत भरून आपटली तर लहान लोट निघतात, ब्लोअरने मोठे. वारा कुठून येतो ते पाहून धूळ नेहमी कॅमेऱ्याच्या आडवी सोडा, आणि ज्युनिअर आर्टिस्टनाही टेकच्या मध्ये मास्क द्या. दिवसभर ती माती त्यांच्याच छातीत जाते.

कपडे आणि पोलाद

भाड्याच्या दुकानातून येतं ते पॉलिस्टर मखमल, चकचकीत जर आणि फोमवर चिकटवलेला तयार मंदिल. हे फार तर दरबाराला चालेल. मावळ्यांसाठी मांजरपाट घ्या, चहाच्या उकळलेल्या पाण्यात रात्रभर बुडवा, न पिळता वाळवा. मग कोपर, गुडघे, काखा आणि गळ्याची कड सॅंडपेपरने घासा आणि मातीत लोळवा. पगोटं दर सकाळी डोक्यावर बांधायचं. चाळीस पगोट्यांना दोन बांधणारे आणि दीड तास धरा. प्रमुख पात्रांना एकाच पोशाखाचे तीन संच हवेत: स्वच्छ, मळलेला, रक्ताळलेला. लढाई क्रमाने शूट होत नाही, आणि दहाव्या शॉटला रक्त धुऊन पाचवा घेता येत नाही. प्रत्येक टेकनंतर मोबाइलवर चेहरा आणि दोन्ही हातांचा फोटो काढून शॉटच्या नंबरासह ठेवा. टेकच्या आधी सगळ्यांची मनगटं, बोटं, पाय तपासा. घड्याळाचा पांढरा पट्टा आणि लग्नाची अंगठी तिथेच सापडतात.

रक्तासाठी अर्धा किलो लिक्विड ग्लुकोज, दीडशे-दोनशे मिली कोमट पाणी, दोन चमचे लाल खायचा रंग, चमचाभर कोको पावडर आणि दोन-तीन थेंब निळा. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं दिसतं. पांढऱ्या सुतीवर ते पसरून गुलाबी होतं, म्हणून आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर वाळेपर्यंत पाहा.

तलवारी तीन प्रकारच्या ठेवा. क्लोजअपसाठी दोन-तीन पोलादी, धार नसलेल्या. मारामारीसाठी चार-पाच मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या. मागच्या गर्दीसाठी रबरी. ॲल्युमिनियमच्या पात्याला टक्कर झाली की कड फाटून करवतीसारखे दाते उठतात. दर ब्रेकला कानसीने घासायला एक माणूस नेमा, नाहीतर दुपारपर्यंत कुणाचा तरी हात कापतो. खरी तलवार किलोच्या आसपास भरते, ॲल्युमिनियमची त्याहून बरीच हलकी. म्हणून नट ती छडीसारखी फिरवतात आणि वार पोकळ दिसतो. तालमीत आठवडाभर पोलादी तलवारच हातात द्या, मग शूटला हलकी दिली तरी खांदा आणि कंबर वजन लक्षात ठेवतात.

बंदूक आणि तोफ

सगळ्यात जास्त चुका इथे. तोड्याच्या बंदुकीत आधी जळता तोडा रंजकेवर, म्हणजे बाहेरच्या कानातल्या चिमूटभर दारूवर, पडतो, बाजूला भक्कन धूर उठतो, क्षणभराने बार होतो आणि नळीतून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. मग दारू, गोळी, गज, पुन्हा रंजक: सरावलेल्या माणसालाही अर्धं मिनिट सहज लागतं. पडद्यावर मात्र हीच बंदूक तीन सेकंदांत दोनदा उडते. ती भरण्याची धडपड दाखवा. समोरून शत्रू धावत येतोय आणि याच्या हातातून गज निसटतोय, हा ताण फुकट मिळतो.

खरी दारू परवान्याशिवाय वापरू नका. धूर दाबाच्या हवेने टाल्कम पावडर उडवून मिळतो, ज्वाला पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतर संगणकावर. ज्वालेच्या एक-दोन फ्रेम नटाच्या गालावरही उजेड पडला पाहिजे, त्यासाठी सेटवर छोटा फ्लॅश मारा. टाल्कमऐवजी मैदा कधीही नको. हवेत उडालेला मैदा मशालीजवळ पेट घेतो.

तोफेचा गोळा बहुतेक वेळा भरीव लोखंडाचा. तो आदळला की दगड फुटतो, माती उसळते, आगीचा डोंब होत नाही. पेट्रोलचे भडके वाचवा, तेवढ्या पैशात तटाचा खोटा दगड आतून दोरीने ओढून ढासळवता येतो. आणि किलोमीटरभर लांबच्या तोफेचा धूर आधी दिसतो, आवाज तीन सेकंदांनी येतो. एवढं एडिटमध्ये केलं तरी लढाईला अंतर मिळतं.

हाणामारी

गर्दीसाठी नेहमीच्या ज्युनिअर आर्टिस्टबरोबर कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांतली दहा-बारा मुलं घ्या. पवित्रा त्यांच्या अंगात असतो, तो चार दिवसांत कुणाला शिकवता येत नाही. पण त्यांचा वेग कॅमेऱ्यासाठी नाही, आणि समोरचा नट आखाड्यातला नाही. फाइट मास्टरकडून वार शरीराच्या बाजूने किंवा वरून जाईल असे बसवून घ्या, आधी निम्म्या वेगाने. दांडपट्ट्याचं लवचीक पातं आवरत नाही, त्याच्या भोवती तीन मीटरचं रिंगण पूर्ण मोकळं हवं.

एका शॉटमध्ये तीन ते पाच वार, त्याहून जास्त नको. मागे उभे राहून आपली पाळी येईपर्यंत तलवार हलवत बसणारे दोघे-तिघे प्रत्येक कमी बजेटच्या लढाईत असतात. मागच्या प्रत्येक जोडीला स्वतःचं छोटं काम द्या: एकजण जखमीला ओढतोय, एकजण ढाल शोधतोय. स्लो मोशन दोन-तीन ठिकाणीच ठेवा. वार नीट लागत नाही म्हणून तो स्लो केला, तर न लागल्याचंच अधिक दिसतं. कॅमेऱ्याच्या शटरचा कोन १८० अंशांऐवजी ९० केला की हालचाल टोकदार होते, पण उजेड एका स्टॉपने कमी, म्हणजे निम्मा होतो, तो हिशेब रात्रीच्या सीनआधी करा.

घोड्यांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते आणि सेन्सॉरला तिचा कागद द्यावा लागतो. शूट झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. लग्नाच्या वरातीतले किंवा रेसकोर्सचे उंच घोडे टाळा. भीमथडी तट्टू ठेंगणं, काटक. त्यावर विलायती खोगीर दिसलं तर सगळं फुकट. धावणारे पाय, मान, रिकीब आणि स्वाराचा कमरेवरचा भाग वेगवेगळा शूट केला, तर तीन घोड्यांत पथक उभं राहतं. वरचा भाग पिंपावर खोगीर बांधूनही मिळतो, मात्र पिंप हलवणारे दोघे तालात असले पाहिजेत.

व्हीएफएक्स आणि आवाज

साठ कच्च्या शॉट्सपेक्षा आठ पक्के घ्या, प्रत्येक दोन-तीन सेकंदांचा, कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. संगणकातल्या सैनिकांचे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून ते गवतात किंवा धुळीत बुडवा. लांबची माणसं जवळच्याइतकी काळी दिसू नयेत, हवेचा फिकटपणा चढवा. ग्रीन स्क्रीनवर सगळ्यात मोठा घोटाळा उजेडाचा: मागे कडक ऊन आणि नट सपाट सावलीत. मागची प्लेट आधी शूट करा, सूर्य कुठे होता ते लिहून ठेवा, आणि नटाला पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे उभं करा.

आवाजावर पैसे शेवटी उरत नाहीत, म्हणून ते पहिल्या दिवशी बाजूला काढा. लाकडाच्या, चामडं मढवलेल्या म्यानातून तलवार निघताना ‘शिंग’ असा खणखणाट होत नाही, घासल्याचा कोरडा आवाज येतो. ‘हर हर महादेव’ डबिंगच्या खोलीत पाच जणांनी ओरडलं तर ते खोलीतच राहतं. बारा-पंधरा जणांना मोकळ्या माळावर न्या, माइकपासून दोन, पाच, दहा आणि वीस मीटरवर उभं करून चार-चार वेळा रेकॉर्ड करा, दर वेळी आवाजाची पट्टी बदलायला सांगा, आणि सुरुवात मुद्दाम थोडी मागेपुढे ठेवा.