जुना रंग खरवडण्याआधी आणि सिमेंटचा पत्रा उतरवण्याआधी

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरात रंगाऱ्यांना उसंत नसते. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, शाहूपुरी, जिकडे जुनी घरं आहेत तिकडे दारं-खिडक्या घासण्याचा आवाज सुरू होतो. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, पत्र्यांची पाळी येते. या दोन्ही कामांमधून घरात विष पसरू शकतं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि करड्या नागमोडी सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे कॅन्सर करणाऱ्या बारीक तंतूंचं खनिज. रंग लाकडाला घट्ट धरून आहे, पत्रा जागेवर धड आहे, तोवर धोका थोडा. घासलं, कापलं, फोडलं की धूळ होते आणि ती श्वासातून, हातातून, पोराच्या तोंडातून अंगात जाते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा गाभा एकच: कोरडी धूळ होऊ द्यायची नाही.

पहिली पायरी: घराचं वय काढा आणि घर फिरून बघा

आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आहे. हे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. पण हा कायदा नव्या डब्यापुरता आहे. तुमच्या खिडकीवर तीस वर्षांपूर्वी लागलेल्या रंगाचं काय करायचं हे तो सांगत नाही. त्यामुळे त्या तारखेआधीचा प्रत्येक ऑइल पेंट संशयित धरा. शिसं असेलच असं नाही, पण तपासल्याशिवाय नाही म्हणू नका.

सगळं घर संशयित धरायची गरज नाही. चुना आणि नीळ लावलेल्या भिंतींत शिशाची चिंता सहसा नसते. बघायचं ते ऑइल पेंट: दारं, खिडक्या, गज, जिन्याचा कठडा, स्वयंपाकघरातल्या भिंतीचा खालचा पट्टा. पिवळा, केशरी, लाल आणि गडद हिरवा हे रंग आधी बघा, कारण ते खुलवायला लेड क्रोमेट हे शिशाचं संयुग वापरत. लोखंडी ग्रिलवर रंगाखाली शेंदरी प्रायमर दिसला तर तो बहुधा शिशाचाच.

जुन्या सागवानी खिडकीपाशी जरा थांबून बघा. सुटलेला पोपडा उन्हात धरला की त्याच्या कडेला एकाखाली एक थर दिसतात. वर क्रीम, त्याखाली फिका निळा, मग घट्ट हिरवा आणि लाकडाला चिकटलेला करडा-पांढरा. प्रत्येक थर एकेका दसरा-दिवाळीचा. आता झडप उघडून चौकटीची खालची खोबण बघा. तिथे बारीक रंगीत पूड साचलेली असते. कोणी काही घासलेलं नसतं, रोज खिडकी उघडता-मिटताना लाकूड लाकडावर घासून ती पडते. त्याच खिडकीत रांगतं मूल गजांना धरून उभं राहतं आणि मग हात तोंडात घालतं. घरातली सगळ्यात धोक्याची जागा कुठली असं विचाराल तर मी ही खोबण दाखवेन. बघून झालं की हात साबणाने धुवा.

मग छपराकडे वळा. लोहचुंबक चिकटला तर पत्रा लोखंडी आहे, विषय संपला. करडा, शेवाळलेला, नागमोडी सिमेंटचा पत्रा असेल आणि तुटलेल्या कडेला बारीक तंतू दिसत असतील तर तो ॲस्बेस्टॉसचा आहे असं धरूनच चाला. बिनॲस्बेस्टॉसचे फायबर-सिमेंटचे पत्रेही मिळतात, पण नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. गच्चीवरची शेड, न्हाणीघर, गोठा, गुऱ्हाळघर, पन्हळीखालचे जुने सिमेंट पाइप हे सगळं बघून घ्या. पत्र्याचे तुटके तुकडे परड्यात वाफ्याला लावलेले, कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलेले किंवा खड्ड्यात टाकलेलेही सापडतील. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या भागात पाणी शिरलं, तिथल्या घरमालकांनी हे तुकडे आवर्जून शोधावेत.

उद्यमनगरातल्या जुन्या शेडमध्ये, फौंड्रीत किंवा बॉयलरपाशी पांढरट दोरी, गॅस्केट, पाइपाभोवती गुंडाळलेला भुसभुशीत थर दिसला तर त्याला हात लावू नका. सिमेंटमध्ये तंतू बांधलेले असतात, इथे ते मोकळे असतात. हे काम जाणकार कंपनीकडूनच करून घ्यायचं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या किंवा कपॅसिटरच्या तेलात पीसीबी नावाचं घातक रसायन असू शकतं. २०१६ च्या केंद्रीय आदेशाने त्याचं उत्पादन आणि आयात बंद झाली आणि वापर थांबवण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. असं तेल भंगारवाल्याला द्यायचं नाही आणि ओतूनही टाकायचं नाही.

दुसरी पायरी: तपासून घ्या

रंगाचा नमुना वरवर घेऊन उपयोग नाही, शिसं बहुधा खालच्या थरात असतं. जागा पाण्याने ओली करा, सगळे थर लाकडापर्यंत येतील असा नाण्याएवढा पोपडा काढा आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत 'रंगातलं शिसं' अशी तपासणी मागा. पत्र्याचा नमुना स्वतः तोडू नये. एखादा तुकडा आधीच पडलेला असेल तर तो ओला करून दुहेरी पिशवीत घालता येतो. दोन-चार पत्र्यांसाठी तपासणीचा खर्च करण्यापेक्षा ॲस्बेस्टॉस आहे असं मानून काम करणं मला बरं वाटतं. काळजी तीच घ्यायची असते.

तिसरी पायरी: ठेवायचं, झाकायचं की काढायचं

सगळं काढून टाकायचा उत्साह इथे घातक ठरतो. रंग घट्ट असेल, पोपडे सुटलेले नसतील तर ओल्या फडक्याने पुसून त्यावर नवा रंग चढवा. घासणाऱ्या कडांवर मात्र नवा रंग टिकत नाही. झडपेची कड, चौकटीची खोबण, दाराचा खालचा भाग इथला जुना रंग काढावा लागतो किंवा झडप तरी बदलावी लागते.

पत्रा धड असेल, तडा नसेल तर राहू द्या. त्यावर तारेचा ब्रश फिरवून शेवाळ काढायचं नाही आणि प्रेशर पंपाचं पाणीही मारायचं नाही. पावसाआधी छप्पर साफ करायची आपल्याकडची ही रीतच तंतू मोकळे करते. भोक पाडून नवा पंखा किंवा सोलरचा पाइप घालणंही टाळा. पत्रा भुरभुरत असेल, कडा झडत असतील, गळत असेल तर काढायचा.

चौथी पायरी: रंगाचं काम

लेक बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून तिची खोली रंगवून घ्यायची पद्धत घरोघरी आहे. हौस खरी, पण वेळ चुकते. गरोदरपणात आईच्या अंगात गेलेलं शिसं बाळापर्यंत पोचतं. काम करायचंच असेल तर ती येण्याच्या पुष्कळ आधी पुरं करा आणि चालू असताना गरोदर बाई आणि सहा वर्षांखालची मुलं त्या घरात नकोतच.

खोलीतलं सामान बाहेर काढा, निघणार नाही ते प्लास्टिकने झाका. जमिनीवर जाड पॉलिथिन पसरा, कामाच्या जागेपासून सहा फूट तरी पुढे जाईल असं, आणि कडा चिकटपट्टीने बंद करा. दारावर ओली चादर लावा, पंखा बंद. रंगाऱ्याला एन-९५ मास्क द्या. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. पाण्यात थोडा साबण घालून फवारा मारायचा, ओल्या जागेवर खरवडायची पट्टी चालवायची, सुकू लागलं की पुन्हा फवारायचं. पॉलिश पेपर वापरायचा तर पाण्याचा. लांबी (पुटी) घासतानाही तोच नियम. ग्राइंडर आणि घासायचं मशीन नको, ब्लो लँपही नको. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि ज्योतीच्या उष्णतेत त्याची वाफ होऊन सरळ फुप्फुसात जाते. पेंट रिमूव्हर वापरायचा असेल तर झडपा बिजागरीतून काढून उघड्यावर न्या. त्यातल्या काही द्रवांत मिथिलीन क्लोराइड असतं आणि बंद खोलीत त्याने माणूस दगावू शकतो.

संध्याकाळी झाडू मारायचा नाही. पॉलिथिन आतल्या बाजूने गुंडाळा, मग फरशी आणि खिडकीची कट्टी साबणाच्या पाण्याने पुसा. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची, एक फडकं खळबळायला, आणि पाणी वारंवार बदला. कामगाराने हात-तोंड धुऊनच चहा-भाकरीला बसावं आणि कामाचे कपडे बदलून घरी जावं. नाहीतर आपल्या खिडकीतली पूड त्याच्या पोरांच्या अंथरुणात जाते.

नवा रंग घेताना डब्यावर शिशाचा उल्लेख बघा. ग्रिलला स्वस्तात म्हणून कारखान्यातला किंवा गाडीचा रंग मारू नका. ९० पीपीएमची मर्यादा घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, औद्योगिक रंगांना नाही.

पाचवी पायरी: पत्रा उतरवताना

आधी पडण्याचा धोका. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. कोणीही त्यावर थेट पाय देऊ नये. खालच्या कैचीला (छपराच्या सांगाड्याला) आधार धरून आडव्या फळ्या टाकाव्यात, कमरेला दोर असावा. त्या दिवशी शेजाऱ्यांनाही सांगा, खिडक्या लावून घ्या, दोरीवरचे कपडे काढा.

वारं पडलेलं असताना, सकाळी लवकर सुरू करा. इथे एन-९५ पेक्षा वरचा, पी-१०० फिल्टरचा मास्क हवा आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढी असली तर बसत नाही. पत्रा दोन्ही बाजूंनी साबणाच्या पाण्याने भिजवा. जे-हुकाची नटं सोडवा. गंजून बसली असतील तर हुक कापा, हातोडीने पत्रा फोडून सोडवू नका. अख्खा पत्रा दोराने किंवा हातोहात खाली घ्या, वरून टाकू नका. खाली पॉलिथिनवर रचा, भिजवा, जाड पॉलिथिनच्या दोन थरांत गुंडाळून चिकटपट्टी लावा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा: 'ॲस्बेस्टॉस आहे, फोडू नका'.

हा माल घंटागाडीत, नाल्याच्या काठी किंवा पंचगंगेकडेला टाकायचा नाही. गोठ्यासाठी कोणी मागितला तरी द्यायचा नाही. कारखान्यांच्या ॲस्बेस्टॉस कचऱ्याला घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम लागतात आणि असा कचरा घेणारा सामाईक प्रकल्प पुण्याजवळ रांजणगाव एमआयडीसीत आहे. शेड मोठी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापुरातल्या कार्यालयात आधी विचारून घ्या. घरचे आठ-दहा पत्रे असतील तर ते राडारोड्यात न मिसळता वेगळे ठेवा आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्या. असे अर्ज साचले तरच शहरात त्याची धड व्यवस्था उभी राहील. रंगाचे पोपडे आणि जुने डबे घरगुती घातक कचरा म्हणून ओल्या-सुक्यापासून वेगळे द्या.

सहावी पायरी: कागदावर घ्या

ही खरं तर काम ठरवतानाच करायची गोष्ट. युरोपीय संघात ॲस्बेस्टॉसवर २००५ पासून बंदी आहे. आपल्याकडे खाणींना परवाने मिळत नाहीत, पण पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही कायदेशीर विकले जातात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपायला सांगितलं, कारण या तंतूंचा कॅन्सर वीस-तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. रोजंदारीवर पत्रे उतरवणाऱ्या गवंड्याची अशी नोंद कोण ठेवतं? त्याच्या बाजूने निदान आपण उभं राहायला हवं.

म्हणून ठेकेदाराच्या कोटेशनवर हे शब्द लिहून सही घ्या: 'जुना रंग व पत्रे ओले करूनच काम करीन. ग्राइंडर, ब्लो लँप वापरणार नाही. मास्क, पॉलिथिन व कामगारांच्या हात धुण्याची सोय दरात धरली आहे. काढलेला माल मालकाला न विचारता बाहेर देणार नाही.' दर वाढेल. तो कबूल करा, घासाघीस करायची तर रंगाच्या शेडवर करा. अपार्टमेंट असेल तर हेच वाक्य सोसायटीच्या ठरावात घाला.

मुलांचं रक्त

घरात लहान मूल असेल आणि खरवडकाम आधीच झालेलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातल्या शिशाची चाचणी करून घ्या. नेहमीच्या रक्ततपासणीत ती नसते, वेगळी लिहून घ्यावी लागते. शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर स्रोत शोधून बंद करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि मूल वरून ठणठणीत दिसत असतं, त्यामुळे लक्षणांची वाट बघू नका. लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषतं, तेव्हा दूध, नाचणी, पालेभाज्या ताटात असू द्या. आकडा जास्त आला तर औषधाचं डॉक्टर ठरवतील. तुम्ही त्याच दिवशी खिडकीची खोबण ओल्या फडक्याने पुसा, मुलाचा पलंग तिथून हलवा, रंग उडालेली जुनी खेळणी आणि सुटी घेतलेली भडक पिवळी हळद (तिच्यातही लेड क्रोमेटची भेसळ असू शकते) बाजूला काढा, आणि पुढची चाचणी कधी करायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.