माउंटन बाईक घेताय? मागचा शॉकअप सोडा
दहा-बारा हजारांच्या सायकलला पुढे-मागे शॉकअप दिसले की पोरं भाळतात. त्या किमतीत आत साधी स्प्रिंग असते. वजन वाढतं आणि पायडलचा जोर तिच्यातच मुरतो. पांदणीनं वावरात जायला मागचा शॉकअप कशाला? तेच पैसे हलकी फ्रेम, रुंद टायर, चांगल्या ब्रेकवर जाऊ द्या. चाक २६ इंची बरं, ट्यूब तालुक्याला मिळते. बाभळीचे काटे आहेत, ती लागणारच! पावसाळ्यात काळी माती चाकाला थापली जाते, तेव्हा टायर आणि फ्रेममध्ये दोन बोटं फट आहे का, हे दुकानातच बघा. २१ गिअर चिखलदऱ्याच्या घाटाला. सपाटीवर सात पुरे.