अडून बसलेलं सॉफ्टवेअर कसं काढाल?

विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम अनइन्स्टॉल होत नसेल, तर बऱ्याचदा तो पडद्यामागे चालू असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, तिथे तो प्रोग्राम निवडून 'एंड टास्क' करा आणि पुन्हा काढून बघा.

तरीही एरर येत असेल, तर कृपा करून त्याचं फोल्डर थेट डिलीट करू नका. अनइन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्राम काढून टाकणारी फाइल, बहुधा त्याच फोल्डरमध्ये असतो. तो गेला की प्रोग्रामचं नाव इन्स्टॉल केलेल्यांच्या यादीत तसंच राहतं आणि सरळ मार्ग बंद होतो. त्यापेक्षा तीच आवृत्ती परत इन्स्टॉल करा, मग काढा. उलटं वाटेल, पण गहाळ झालेल्या फाइली त्यामुळे जागेवर येतात. मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटरही फुकट मिळतो. तो रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करतो.

अँटिव्हायरसचं प्रकरण वेगळं. व्हायरसने बंद पाडू नये म्हणून तो स्वतःच्या फाइलींना हात लावू देत नाही. बऱ्याच अँटिव्हायरस कंपन्या त्यासाठी वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीतून नको. टूल चालवल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.