जुन्या मारुतीवर हात बसवताना

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या घरी २००४ सालची मारुती ८०० आहे आणि गेली नऊ वर्षे तिची बहुतेक दुरुस्ती मी स्वतः करतो. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे जे काही येते ते याच गाडीखाली शिकलो. ज्यांच्या दारात वडिलांनी घेतलेली अशीच एखादी गाडी उभी आहे आणि तिला स्वतः हात लावावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

शिकण्यासाठी ही गाडी फार चांगली आहे. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे छोटे इंजिन असल्यामुळे बॉनेटखाली हात जायला जागा राहते आणि १०, १२, १४ व १७ नंबरच्या पान्यांवर निम्म्याहून अधिक कामे होतात. पाने मोजकेच, पण चांगले घ्यावेत. त्यातही आधी रिंग पाने घ्यावेत, कारण गंजलेल्या बोल्टवर फिक्स पाना घसरला की कोपरे गोल होतात आणि दहा मिनिटांचे काम दिवसभर पुरते. त्यासोबत एक साधा मल्टिमीटर आणि गाडी टेकवायला दोन मजबूत लोखंडी घोड्या हव्यातच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, अगदी खाली पडलेला नट उचलण्यापुरतेही, जाऊ नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकणही तसेच: आतील पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर येते.

मल्टिमीटरचे महत्त्व मला उशिरा कळले. दुसऱ्या पावसाळ्यात गाडी सकाळी सुरू होईना. स्टार्टर एकदा कण्हायचा आणि थांबायचा. बॅटरी जुनी झाली असे मी गृहीत धरले आणि नवी आणून बसवली. तीन आठवड्यांत पुन्हा तोच प्रकार सुरू झाला, तेव्हा बेळगावातील ओळखीच्या एका वयस्क मेस्त्रींकडे गेलो. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, ‘पोरा, अर्थिंग बघितलंस काय?’ अर्थिंग म्हणजे इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत येण्याची वाट. त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर टेकवली आणि मला चावी फिरवायला सांगितली. आकडा १.४ व्होल्टवर गेला. बॅटरीचे तेवढे व्होल्ट स्टार्टरपर्यंत पोहोचण्याऐवजी वाटेतच खर्च होत होते. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी त्यांनी सोडवली, तर तिच्या टोकाखाली हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. पॉलिशपेपरने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासल्या, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली आणि पुन्हा मोजले तेव्हा आकडा ०.२ व्होल्टवर आला होता. नव्या बॅटरीचे पैसे मात्र माझ्या खिशातून गेलेच होते.

तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कोणताही भाग बदलत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण चार्ज झालेली चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना हा आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान नसेल तर बॅटरीऐवजी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग), त्याचा पट्टा आणि जोडण्या तपासाव्यात. स्टार्टर फिरत असताना वरील पद्धतीने अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर अर्थिंगवर संशय घ्यावा.

हाताला लावायची दुसरी सवय आट्यांची, म्हणजे स्क्रूसारख्या खाचा जपण्याची. या इंजिनचे हेड (सिलिंडरवरचा भाग) ॲल्युमिनियमचे आहे आणि स्पार्क प्लग पोलादी असतो. प्लग तिरका बसून पान्याचा जोर लागला तर आटे हेडचे जातात आणि काम थेट लेथवाल्यापर्यंत, म्हणजे धातू कातणाऱ्यापर्यंत, पोहोचते. म्हणून इंजिन गार झाल्यावर, प्लगभोवतीची धूळ फुंकून काढून, प्लग शेवटपर्यंत बोटांनीच फिरवावा. वॉशर टेकल्यानंतर नव्या प्लगला पान्याने सुमारे अर्धा फेरा पुरतो.

आमच्या भागात गाडी इंजिनाआधी पत्र्याने संपते. खानापूरचा पाऊस आणि तांबडी माती यांचा चिखल दरवाजांच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची भोके बुजवतो आणि पत्रा आतून सडत जातो. जूनपूर्वी ती भोके तारेने मोकळी करावीत, पायाखालचे मॅट उचलून खालचा फोम दाबून पाहावा. ओला लागला तर तो बाहेर काढून वाळवावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, त्या वेळी सडलेला पत्रा झाकून चालत नाही.

ब्रेकचे काम नवख्या माणसाने एकट्याने करू नये. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून दर दोन वर्षांनी मी ते बदलतो आणि तेव्हा माझी बहीण पेडलवर बसते. मी ‘दाब’ म्हटले की ती पेडल दाबून धरते, मी निपल (चाकाजवळचा, तेल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल करतो, नळीतून चहासारखे जुने तेल बुडबुड्यांसह येते, मी निपल आवळतो आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणतो. हा क्रम एकदा जरी चुकला तरी हवा पुन्हा आत जाते. मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमला चर पडले तेव्हा ते बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर गुळगुळीत करून घेतले. ड्रमची कमाल व्यासाची मर्यादा ओलांडलेली असेल तर मात्र लेथचा विचारही न करता ड्रम बदलावा.

टायमिंग बेल्टला, म्हणजे क्रँकच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवणाऱ्या दातेरी पट्ट्याला, मी अजून हात लावलेला नाही. तो एका दात्याने जरी सरकला तरी व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बिघडते. मागच्या खेपेस मेस्त्रींनी खुणा जुळवताना मला शेजारी उभे केले, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते दाखवले आणि पुढच्या वेळी पाना तुझ्या हातात देईन म्हणाले. तोपर्यंत ते काम त्यांचेच आहे.