चेन पुलीला तेल कुठं लावायचं आणि कुठं नाही

मार्च-एप्रिलात विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर वर काढायला आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची, चेन पुली शोधली जाते. मराठवाड्यात बरेच जण तिच्यावर ट्रॅक्टरचं जळकं ऑईल ओततात आणि लगेच तिवईला टांगतात. गंजापेक्षा हे ऑईलच जास्त घात करतं.

आधी पुली रिकामीच छातीच्या उंचीवर टांगा आणि हातसाखळी ओढून कान द्या. हूक वर जाताना टकटक आवाज यायलाच हवा. तो दात्या चाकावर पडणाऱ्या खिटीचा असतो; ही खिटी चाक उलटं फिरू देत नाही. आवाज येत नसेल तर खिटी चिकटली आहे किंवा तिची स्प्रिंग गेली आहे.

वजनाची साखळी, म्हणजे हूक असलेली, डिझेल आणि ब्रशने धुवा. काळी माती कड्यांच्या सांध्यात घट्ट बसते, तिथं जास्त घासा. साखळी वाळली की कडी कडीला जिथं टेकते तिथं पातळ तेल लावा. झिजलेली, ताणलेली कडी दिसली तर साखळी बदला. वेल्डिंग करून ती वापरू नका. हातसाखळी कोरडीच ठेवा, नाहीतर हात सटकतो आणि तेल ब्रेकपर्यंत पोचतं.

हातसाखळीच्या विरुद्ध बाजूला गिअरचं झाकण असतं. ते उघडा आणि आधी मोबाईलवर फोटो काढा. गिअर एकमेकांशी खुणेनं जुळवलेले असतात, म्हणून ते न काढता जागेवरच जुनं ग्रीस पुसा आणि लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या.

आता ब्रेक. हातसाखळीच्या चाकामागं घर्षणाच्या चकत्या असतात. टांगलेलं वजनच आट्यांवरून (स्क्रूच्या पेचांवरून) त्या चकत्या आवळतं, म्हणून हातसाखळी सोडली तरी मोटर अधांतरी थांबते. चकत्यांना तेल लागलं की वजन घसरायला लागतं. कोरड्या कापडानं धूळ पुसा, एवढंच. तेल मुरलेल्या चकत्या धुवत बसू नका, नव्या घ्या. खिटीच्या पिनेला मात्र काडीनं तेलाचा एक थेंब द्या. ब्रेक खोलायची सवय नसेल तर हे काम फिटरकडून करून घ्या.

हुकाचं तोंड फाकलं असेल किंवा तोंड बंद करणारी खटकी तुटली असेल, तर पुली बाजूला ठेवा.

सगळं बसवल्यावर युरियाची ४५ किलोची गोणी वीतभर उचला, वजनाच्या साखळीवर खडूनं खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. खूण हलली तर पुली विहिरीवर न्यायची नाही. नाही हलली तर पुलीवर लिहिलेल्या क्षमतेच्या आत राहून वजन वाढवा आणि पुन्हा तपासा. गोणीखाली हात-पाय घालू नका.