दूध तोडल्यावर डुकराची पिल्लं खंगतात? या चुका टाळा

दूध तोडून तीन-चार आठवडे झाले की एखाद्या कप्प्यातली दोन-तीन पिल्लं मागं पडायला लागतात. केस राठ, कणा वर आलेला, धडाच्या मानानं डोकं मोठं. शेजारी डोकावून निकाल देतो, "जंत झालेत, दुसरं काय!" मग जंताचं औषध, मग टॉनिक, आणि पिल्लू गेलं की "पैदासच कमजोर होती" म्हणून विषय मिटतो.

जंतानं पिल्लं खंगतात हे खरंच. पण पिल्लू दोन ते चार महिन्यांचं आहे, औषध देऊनही वजन उतरतंय, कातडी फिकट किंवा पिवळसर दिसतेय, धाप लागतेय आणि जांघेत हात घातला की सुजलेली गाठ बोटाला लागते, तर सर्कोव्हायरस या विषाणूचा संशय घ्या. पीसीव्ही-२ हे त्याचं नाव. हा खंगण्याचा रोग १९९१ मध्ये कॅनडात पहिल्यांदा दिसला. विषाणू पिल्लाची प्रतिकारशक्तीच पोखरतो, मग निमोनिया आणि हगवण आयतीच घुसते. म्हणून अँटिबायोटिकनं चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. तरतरी यावी म्हणून कुणी स्टिरॉइडची सुई सुचवली तर सरळ नाही म्हणा. उरलीसुरली ताकदही त्यानं जाते.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक वेगळीच होती. मोठी पिल्लं गव्हाणीवर टिकू देत नाहीत म्हणून मी वाळलेलं पिल्लू उचलून लहान पिल्लांत सोडलं. दया केली असंच वाटलं. तिथं ते आरामात खायला लागलं, आणि महिन्याभरात त्या कप्प्यातही तीन पिल्लांचे कणे दिसायला लागले. शेणातून, लाळेतून, नाकातल्या स्रावातून विषाणू पसरतो. मागं पडलेलं पिल्लू लहानांकडं कधीच जाता कामा नये. त्याला वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. रोजच्या कामात आधी लहान पिल्लं, शेवटी आजारी, आणि तिथले बूट-बादली तिथंच. एकच सुई सगळ्यांना टोचत जाणं तर बंदच करा.

धुण्यातही आपण फसतो. फिनाइलचा वास आला म्हणजे कप्पा स्वच्छ झाला, असं नसतं. हा विषाणू चिवट आहे. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना कोण धुणार, हे मलाही कळतं. म्हणून आधी शेण कोरडंच खरवडून काढा, मग थोड्या पाण्यात साबण लावून घासा, वाळू द्या, त्यानंतर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा. शेणावरच ब्लीचिंग ओतलं तर ते वायाच जातं. एक खेप पूर्ण निघाल्याशिवाय दुसरी भरू नका.

थंडीकडं कुणाचं लक्षच नसतं. परभणीकडं डिसेंबरात पहाटे पारा १० अंशांखाली जातो, दुपारी पत्रा तापतो. नुकतं दूध तोडलेल्या पिल्लाला २८ अंशांच्या आसपास ऊब लागते. पोत्यांचे पडदे आणि कोरडा भुसा एवढ्यावरही बरंच भागतं. गर्दी आणि गारवा एकत्र आले की रोग उफाळतो.

लसीबद्दल एक गोंधळ नेहमीचा. स्वाइन फीव्हरची लस टोचलीच पाहिजे, पण तिनं सर्कोव्हायरस थांबत नाही आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हरही नाही. सर्कोव्हायरसची लस वेगळी असते, साधारण तीन आठवड्यांच्या वयात देतात. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

मेलेलं पिल्लू लगेच पुरू नका. डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या; परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. विषाणू धडधाकट पिल्लातही सापडतो, त्यामुळं विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी नुसती पॉझिटिव्ह आली म्हणून निदान होत नाही. गाठींच्या ऊतीतली खराबीही दिसावी लागते.

मात्र मोठी जनावरंही पटापट मरत असतील, ताप १०५-१०६ फॅरनहाइटवर असेल, कान-पोट जांभळं पडलं असेल, तर शव अजिबात उघडू नका, रक्तानं सगळं आवार बाधित होतं. हा आफ्रिकन स्वाइन फीव्हर असू शकतो; तो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमार्गे देशात आला. अशा वेळी १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा, आणि उरलेली जनावरं घाईनं आठवडी बाजारात नेऊ नका. हॉटेलचं खरकटं खाऊ घालत असाल तर ते ढवळत अर्धा तास उकळल्याशिवाय गव्हाणीत टाकू नका.

आता मी दर रविवारी प्रत्येक कप्प्यातली पाच पिल्लं पोत्यात घालून स्प्रिंगच्या काट्याला लटकवतो आणि वजन खडूनं भिंतीवर लिहितो. कणा दिसायच्या आठवडाभर आधीच आकडा अडखळतो.